मागचे गेले, पुढचे बसवले

१

आमच्या थोरल्याला एक खोड आहे. तो वाक्य पूर्ण करत नाही. "ते आण." "तिकडचं ठेव." "त्याला सांग म्हणावं." काय आणायचं, कुठलं ठेवायचं, कोणाला सांगायचं, हे समोरच्याने ओळखायचं. नाही ओळखलं तर समोरचा मठ्ठ. पंप विकायचा धंदा आहे त्याचा. गिऱ्हाइकाशी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट बोलतो, कारण गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं. घरचे कुठे जाणार?

हे मी इतकी वर्षं चालवून घेतलं. अर्ध्या बोलण्याने कोणी मरत नाही. पण त्या दिवशी भर गॅरेजात, चार परक्या माणसांसमोर, तो स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला चोर म्हणाला. आणि ते वाक्य मात्र त्याने पूर्ण केलं.

झालं ते असं. आमची गाडी ह्यांच्या हातची. इतकी पळालीय की तिचा आकडा एकदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाला. ह्यांच्यामागे थोरल्याने ती पंप वाहायला घेतली. डिक्कीत लोखंड भरभरून तिचं कंबरडं मोडलं. खड्डा आला की आधी गाडी उडायची, मग आपण उडायचो, मग गाडी खाली यायची आणि आपण अजून वरच. म्हणून थोरल्याने ती जावयांच्या गॅरेजात टाकली. शॉकअप बदलायचे, झिजलेले रबरी बुश बदलायचे. शॉकअप म्हणजे चाकाजवळ उभं नळकांडं असतं, ते धक्का गिळतं. जावयांनीच मला एकदा सांगितलं होतं, आई, माणसाला जशी गुडघ्यातली वंगणं, तसे गाडीला शॉकअप. माझे गुडघे ठाऊक असल्यामुळे मला ते लगेच कळलं.

गाडी आली. थोरला म्हणाला, आता बघ, लोण्यासारखी जाईल.

त्या लोण्यात बसून मी आणि माझी धाकटी जाऊ डॉक्टरकडून परत येत होतो. थोरला चालवत होता. उताराला एक स्पीडब्रेकर, आणि तो ओलांडला की लगेच वळण. स्पीडब्रेकरवर गाडीने उडी मारली. एक नाही, दोन नाही, ती उड्या मारतच राहिली, आणि वळणावर तिची शेपूट सटकून दगडी कुंपणाला घासली. जाऊने पुढच्या सीटवर हात टेकला. मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला.

ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "ताई, ही गाडी दुरुस्त झाली होती ना?"

२

सुनेला फोन करून बोलावलं. ती जाऊला घेऊन दवाखान्यात गेली. आम्ही गाडी तशीच खुरडत जावयांच्या गॅरेजात नेली. मला बाकावर बसवलं. शेजारी तीन-चार गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांची वाट बघत बसलेली.

आमचे जावई म्हणजे अबोल माणूस. लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांचं बोलणं त्यांच्या काकांनी केलं. ते काही न विचारता आले, जॅक लावला, मागचं चाक काढलं. आत शॉकअप काळाकुट्ट. तेल गळून गळून त्यावर धुळीचे थर बसलेले. त्याला नवा म्हणणाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं.

"हे काय आहे?" थोरला म्हणाला.

"शॉकअप."

"जुना का आहे?"

"मागचे बदललेच नाहीत."

"गाडी देताना तुम्ही काय म्हणालात? पुढचे बसवले म्हणालात की नाही?"

"बसवलेत. वाकून बघा."

थोरला वाकला. समोरच्या चाकांपाशी नवे कोरे शॉकअप होते. तो उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा आधीपेक्षा लाल होता.

"हे तर साधे. मी दणकट सांगितले होते. दुकानात बोलून ठेवलं होतं. दणकट कुठे गेले?"

"कसले दणकट?"

त्या "कसले"ने घात केला. जावयांचा आवाज मुळात सपाट. थोरल्याला वाटलं, हा खिजवतोय.

"मागे जुनेच, पुढे साधे, आणि दणकट हवेत विरले काय? घरातला माणूस म्हणून गाडी दिली तुझ्याकडे. तू चोर आहेस."

बारा वर्षं "तुम्ही" म्हणत होता. एका क्षणात "तू"वर आला. गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या, पण कान वर केले. एकाने तर खुर्ची सरकवून जवळ घेतली.

जावयांनी काढलेलं चाक परत चढवलं, एकेक बोल्ट आवळला, जॅक उतरवला, हात पुसले आणि किल्ली बॉनेटवर ठेवली.

"हळू न्या. आणि या गॅरेजात ही गाडी पुन्हा आणू नका," असं म्हणून ते आत गेले.

संध्याकाळी लेक दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. तिने आमच्या घरचा कणखरपणा घेतलाय, थोरल्याने नुसता ताठा घेतला.

"दादा, तू ह्यांना चोर म्हणालास?"

"म्हणालो. मागचे शॉकअप जुनेच ठेवले त्याने. काकूचा हात मोडला. अजून काय पाहिजे?"

"ते म्हणाले, त्या घरचं पाणी मी पिणार नाही. मला म्हणाले, तू काय करायचं ते तुझं तू ठरव." ती माझ्याकडे वळली. "आई, मी इथे राहायला आलेले नाही. ह्यांनी चोरी केली असेल तर त्या घरात मला तोंड वर करून राहता येणार नाही. केली नसेल तर या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. दोन्हीतलं एकच घर मला उरणार आहे. कुठलं, ते तू शोधून सांग."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी गॅरेजात गेले. बाकावर एकही गिऱ्हाईक नव्हतं. इतर वेळी इथे पाय ठेवायला जागा नसते. चोर हा शब्द किती भरभर पळतो, त्याला शॉकअप लागत नाहीत.

जावयांनी स्टूल पुसून दिलं. ते एका गाडीजवळ उभे होते. तिचा कोपरा हाताने दाबून सोडायचे. गाडी एकदा वर यायची आणि जागीच थांबायची.

"ही चांगली," ते म्हणाले. "तुमची दाबली असती तर पाळण्यासारखी हलत राहिली असती."

"मग तशी का दिली आम्हाला?"

"सांगितलं तसं केलं, आई."

"काय सांगितलं? शब्द न् शब्द सांगा. माझ्यासमोर काटकसर करू नका."

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी केली, उलगडली, परत केली. मग बोलले. मला वाटतं लग्नानंतरचं त्यांचं सगळ्यात लांब भाषण ते.

"दुकानातून दोन डबे आले होते. साधे. ते बसवायला घेणार तेवढ्यात दादांचा फोन. म्हणाले, मागचे परत पाठवा, पुढचे बसवा. मी विचारलं, मागचे परत? नक्की? म्हणाले, किती वेळा सांगायचं, मागच्यांचं नाव काढू नका. तरी मी म्हटलं, दादा, मागचे गेलेत. तर म्हणाले, गेले? झकास. आणि फोन ठेवला."

"गेले तर झकासच की," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखे.

मला काही उमगेना. थोरल्याने आधी साधे घेतले, मग दणकट घ्यायचं ठरवलं. म्हणजे मागचे परत, पुढचे बसव. हे बरोबर. जावयांनी मागचे परत पाठवले. हेही बरोबर.

"म्हणजे साधे परत गेले?"

"डबा टेम्पोवाल्याच्या हातात दिला मी. माझ्या हाताने."

"आणि दणकट?"

"ते आलेच नाहीत."

"मग तुम्ही पुढचे कुठले बसवले?"

"पुढचे म्हणजे पुढचे, आई. आणखी कुठले असतात?"

मी स्टुलावरून उठले. एकाच तोंडाने माणूस म्हणतो पुढचे बसवले, आणि त्याच तोंडाने म्हणतो आलेच नाहीत. खोटं बोलणाऱ्याला निदान एका बाजूने तरी खोटं बोलायला हवं. हा माणूस दोन्ही बाजूंनी खरं बोलत होता, डोळे न हलवता.

नाहीतर मग माझ्या लेकीने ज्याच्याशी संसार केला तो मला वाटला त्याच्यापेक्षा फार हुशार होता.

४

टेम्पोवाला दुकानाबाहेरच भेटला. टेम्पोत पाय वर करून पेपर वाचत होता. त्याला विचारलं, माझ्या जावयांनी तुझ्याकडे काय दिलं.

"एक डबा, मावशी. दिला तसा आणला. उघडला नाही, हलवला नाही. माझ्यावर संशय आहे का?"

"आहे."

"असू दे. कधी नव्हे ते कोणी मला एवढं महत्त्व दिलं." त्याने पेपर उलटला. ज्याला काही लपवायचं असतं तो इतका आळशी नसतो. मी आत गेले.

सुट्या भागांचं दुकान म्हणजे रबराचा आणि ग्रीसचा वास, छतापर्यंत डबे, आणि त्या डब्यांमागे कुठेतरी मालक. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात, कारण एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर असतो. मी विचारायच्या आत त्यांनी फळीवरून एक डबा काढून माझ्यासमोर आपटला.

"हा घ्या, बघा. या एका डब्याला बघायला किती माणसं येणार?"

मला वाटलं, जावई येऊन गेले असतील. मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष डब्यावर. आत दोन शॉकअप, नवे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. साधे.

"आणि दणकट?"

"ते काय, वर." त्यांनी बोट दाखवलं. वरच्या फळीवर दोन मोठे डबे. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

चोरीला गेलेला माल फळीवर नांदत होता. दुकानाबाहेर कधी पडलाच नव्हता.

"मग दिले का नाहीत?"

"बाई, तुमचे चिरंजीव म्हणाले, साधे परत करतो आणि दणकट नेतो. साधे दोन डबे दिले होते. परत आला एक. मी वाट बघतोय. हे मागचे, पुढचे अजून आलेच नाहीत."

पुन्हा तेच. हे मागचे, पुढचे आले नाहीत. म्हणजे पुढचे, दणकट, अजून कंपनीतून यायचे आहेत? पण ते तर वर फळीवर. मी तसं म्हणाले. चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, डोळ्यांवरचा कपाळावर नेला आणि माझ्याकडे नव्याने पाहिलं.

"तुम्ही घरी जाऊन थोडं पडा," ते म्हणाले.

मी घरी निघाले. चोरी झालीच नव्हती, हे आता उघड होतं. पण मग जावयांनी दोनपैकी एकच डबा का परत केला? एक ठेवून घेतला? ठेवून घेतला तर गाडीलाच का बसवला? चोर चोरलेला माल परत मालकाच्याच गाडीला लावतो, असं मी तरी ऐकलं नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय एवढं दिसत होतं. आंधळं कोण आणि कुत्रं कोण, ते दिसत नव्हतं.

आणि लेक घरी वाट बघत बसली होती.

५

दुपारी थोरला जेवून बसला होता. मी समोर जाऊन बसले.

"तू जावयांना फोनवर काय सांगितलंस?"

"सांगितलं ते सांगितलं."

"शब्द सांग."

"आता कुठे आठवतात." तो फोनमध्ये बोटं घालत म्हणाला. "बसव म्हणालो. ते सोडून दे ना, आई. दुसरं गॅरेज बघू. विषय संपला."

काल गावभर ओरडत होता. आज विषय संपला.

"संपला कसा? तुझ्या बहिणीला काय सांगू? दणकट तर दुकानातच आहेत."

त्याने मान वर केली नाही. "असतील. पण इंजिनाकडच्या चाकांना त्याने साधे लावले, ही गोष्ट खरी ना? डिक्कीकडच्या चाकांना तर काहीच लावलं नाही. डिक्कीकडचे जुनेच ठेवले. मग दोष कोणाचा?"

"म्हणजे ते चोर?"

तो उठून हात धुवायला गेला. हात त्याने जेवल्यावरच धुतले होते.

त्याच्या बोलण्यात कुसळासारखं काहीतरी मला टोचलं. पण बोट ठेवायला गेलं की निसटत होतं. मी सुनेकडे पाहिलं. ती ताटं उचलत होती.

"आज हे फार नीट बोलतात," ती हळूच म्हणाली. "सकाळी बाहेर जाऊन आले तेव्हापासून."

आतल्या खोलीत जाऊ पडली होती, हात प्लास्टरमध्ये. लेक तिच्याजवळ बसली होती. जाऊच्या पाठीशी सकाळी कापसाची उशी होती. दुपारी सुनेने ती काढून फोमची दिली होती, जास्त बरी म्हणून.

"अगं, मला नाही बाई सोसत," जाऊ लेकीला म्हणाली. "मागची दे."

लेकीने पटकन तिच्या पाठीमागची उशी ओढून काढली. जाऊ भिंतीवर आपटली.

"अगं मेले, काढतेस काय? मागची दे म्हटलं."

"मागचीच काढली ना, काकू."

"ती मागची नाही गं. मागची म्हणजे सकाळची. आधीची."

लेक उशी हातात घेऊन उभी. जाऊ कण्हते आणि हसतेही आहे. आणि मी दारात उभी राहून त्या दोघींकडे बघतेय, आणि माझ्या डोक्यात एकेक बोल्ट आवळला जातोय.

मागची म्हणजे पाठीमागची. मागची म्हणजे आधीची. गाडीला मागचे असतात, आणि दुकानातून आधी आलेल्या मालालाही आपण मागचेच म्हणतो. चाकं पुढची, आणि जो माल यायचाय तोही पुढचा. थोरला एक बोलला, जावयांनी दुसरं ऐकलं. आणि मी मूर्ख, दोघांचंही ऐकून तिसऱ्याच ठिकाणी उभी.

पण त्याच क्षणी ते कुसळही हाताला लागलं. आणि ते लागलं तेव्हा मला मुळीच बरं वाटलं नाही.

६

जावई आमच्या घरी येणार नव्हते, म्हणून सगळ्यांना मी गॅरेजात नेलं. थोरला, सून, लेक. जाऊसुद्धा हात गळ्यात अडकवून आली. म्हणाली, हाड माझं मोडलंय, मला ऐकायचा हक्क आहे. गाडीतून नाही, चालत गेलो. चष्मेवाल्यांना निरोप पाठवला होता. ते दुकान उघडं टाकून आले. कालच्या गिऱ्हाइकांपैकी एकजण आपली गाडी न्यायला आला होता, बहुधा कायमची. त्याला मी म्हटलं, बसा, तुम्ही पण ऐका.

"जावईबापू," मी म्हणाले, "थोरला फोनवर म्हणाला, मागचे परत पाठवा, पुढचे बसवा. तुम्ही काय समजलात?"

"मागच्या चाकांचे शॉकअप परत करा. पुढच्या चाकांना बसवा."

"विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं. म्हणून तर सांगितलं, मागचे गेलेत. संपलेत, निकामी झालेत म्हणून."

"आणि तू," मी थोरल्याकडे वळले, "मागचे म्हणजे आधी घेतलेले साधे, दोन्ही डबे. पुढचे म्हणजे नंतर यायचे ते दणकट. हो ना? आणि मागचे गेलेत असं ऐकलंस तेव्हा तुला वाटलं, साधे दुकानात रवाना झाले. म्हणून म्हणालास झकास."

चष्मेवाल्यांनी दोन्ही चष्मे काढले. "अरे देवा. म्हणजे मीही सकाळी तेच केलं. मी म्हणतोय मागच्या चाकांचे आले, आणि बाई..."

"आणि बाई वेड्यासारखी वर बघतेय. हो." मी म्हणाले. "चोरी कोणीच केली नाही. दणकट तुमच्या फळीवर. मागच्या चाकांचे साधे तुमच्या खालच्या फळीवर. पुढच्या चाकांचे साधे गाडीला. एकेक नग जागच्या जागी आहे."

गिऱ्हाईक माणूस हसला. मग लेकीचा चेहरा बघून थांबला. लेक नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली होती. त्यांच्या हातातलं फडकं तिने काढून घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं. काल माझ्या दारात उभी राहिल्यापासून पहिल्यांदा तिचे खांदे सैल झालेले दिसले.

"तुम्हीही चुकलात," मी जावयांना म्हणाले. "मागचे निकामी आहेत हे माहीत असून गाडी दिलीत. मान दुखावला म्हणून गप्प बसलात. थोरला ऐकत नव्हता तर माझ्याकडे यायचं. त्या गाडीत मी बसते."

"चुकलो, आई," ते लगेच म्हणाले. जाऊकडे वळले. "काकू, चुकलो." एवढंच. पण नीट तिच्या डोळ्यांत बघून.

थोरल्याने सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे गैरसमज. झालं. मला कुठे माहीत होतं? आत्ता तुझ्याकडूनच कळतंय." आणि तो हसला. गिऱ्हाइकाकडे बघून हसला, पंप खपवताना हसतो तसा.

तिथे थांबला असता तर मी कदाचित थांबले असते.

"तुला आत्ता कळलं?"

"मग कधी?"

"काल गॅरेजात तू काय म्हणालास? मागे जुनेच, पुढे साधे. संध्याकाळी बहिणीला म्हणालास, मागचे शॉकअप. आणि आज दुपारी मला? डिक्कीकडचे. इंजिनाकडचे. जन्मात कधी तू गाडीला डिक्कीकडची चाकं म्हटलेलं मी ऐकलं नाही. कोणीच म्हणत नाही. मागचे आणि पुढचे हे दोन शब्द एका रात्रीत तुझ्या तोंडाला का नकोसे झाले?"

तो खिशातली किल्ली चाचपू लागला.

"ज्या पायरीवर घसरलो ती पायरी माणूस दुसऱ्या दिवशी टाळतो. पण त्याला आधी कळावं लागतं की आपण नेमके तिथेच घसरलो. ते तुला कळलं होतं. कुठे कळलं? चष्मेवाले, तो डबा बघायला माझ्याआधी कोण आलं होतं?"

चष्मेवाल्यांनी थोरल्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हेच. सकाळी, मी शटर वर करत होतो तेव्हा. डब्यावरचं वाचलं, मागची चाकं असं छापलंय त्यावर. बराच वेळ बसून राहिले. पाणी मागितलं."

सून एक पाऊल मागे सरकली. नवऱ्यापासून दूर.

"दादा," लेक म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "सकाळी कळलं होतं तुला? मी दुपारी तुला वाढलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"मी सांगणारच होतो," थोरला म्हणाला. "जरा निवळू दे म्हटलं. लोकांत माझीच... म्हणजे मी मोठा आहे ना."

जाऊने प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने उचलून धरला, जड झाल्यासारखा.

मी उठले. गुडघे दुखत होते तरी सरळ उभी राहिले, कारण हे बसून बोलायचं नव्हतं.

"ऐक. शब्द चुकला तो दोघांचा, आणि भाषेचा. त्याबद्दल मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. काल चोर म्हणालास ते रागाने, काकूचा हात मोडलेला बघून. तेही मी गिळलं असतं. पण आज सकाळी त्या दुकानातून उठलास तेव्हा तुझ्या खिशात तुझ्या बहिणीचं घर होतं. चार पावलांवर हे गॅरेज. आत येऊन एवढं म्हणायचं होतं, माझं चुकलं. तू वळसा घालून घरी आलास, तिच्या हातचं जेवलास, आणि ती रडते कशी ते बघत बसलास. तुझं नाक वर राहावं म्हणून तुझ्या बहिणीने नवऱ्याला चोर समजून जगावं, याला तुझी हरकत नव्हती. ही चूक नाही. ही नियत आहे. आता या माणसांसमोर जावयांची माफी माग, आणि ती द्यायची की नाही ते त्यांना ठरवू दे. बायको, पोरं माझ्या घरात जेवतील. तू नाही. ज्या दिवशी जावई आपल्या पायांनी येऊन माझ्याकडे चहाला बसतील, त्या दिवशी तुझं ताट मांडीन. आणि ते आज येणार नाहीत, उद्याही येणार नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगते. त्यांना घाई करायची नाही, हे मी त्यांना सांगणार आहे."